विचारलंत नावाचं पिल्लू

१२ जून

रुवाने आज मरायला टेकलेलं एक कुत्र्याचं पिल्लू आणून दिलं. ती शहरातल्या प्राण्यांच्या आसऱ्यात काम करते. पिल्लू बसस्टँडवर मक्याच्या पोत्यात सापडलं म्हणे. अंगभर खरूज, पोटात जंत आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. दिसत काहीच नाही आणि पुढेही दिसणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आसऱ्यात जागा नाही, म्हणून ते धडधाकट होईपर्यंत आम्ही सांभाळायचं आणि मग दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं. ही काय पद्धत आहे मला कळलं नाही. दुसऱ्याची गाय सांभाळली तर निदान दूध तरी मिळतं. पण रुवा एकुलती एक मुलगी, आणि फोनवर मी 'आण' म्हणून बसलो होतो.

रुवाची आई परसातून हातपाय धुऊन आली, तर पिल्लू चुलीपाशी पडलेलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हं." म्हणजे तिची हरकत नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मला तिचा स्वभाव पाठ आहे.

१५ जून

पिल्लू खात नाही. पिचकारीने मीठ-साखरेचं पाणी तोंडात सोडायचं, थोड्या वेळाने पुन्हा सोडायचं. निम्मं पाणी माझ्या विजारीवर सांडतं. बस चालवताना रस्त्यात कुत्रं आलं तर ब्रेक मारायचा नाही, मागे साठ माणसं बसलेली असतात, असं मला शिकवलेलं. तो मी आता कुत्र्याचा जबडा उघडून बसतो. न्यामांदे रोज दुपारी माझ्याशी सोंगट्या खेळायला येतो. आज तो म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, नातवंड झालं आणि आम्हाला कळवलं नाहीत?" मी त्याला दोन डाव हरवून घरी पाठवला.

१८ जून

पिल्लाने आज स्वतःहून जीभ बाहेर काढली आणि चमच्यातली पेज चाटली. मी 'अरे वा' म्हणालो तर ते आवाजाच्या दिशेने वळलं आणि भिंतीवर आपटलं. मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं.

रुवाच्या आईने त्याचं नाव ठेवलं. विचारलंत. मी म्हटलं, हे कसलं नाव? ती म्हणाली, "कुत्र्याचं नाव आहे."

आता आमच्याकडे कुत्र्याचं नाव उगाच कुणी ठेवत नाही. तोंडावर भांडता येत नाही, मग कुत्र्याला हाक मारायची. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं. लेकी बोले सुने लागे, तसलाच प्रकार. माझ्या वडिलांच्या कुत्र्याचं नाव आईने ठेवलं होतं, खाऊनविसरले. धाकटे काका त्या नावाला कंटाळून गाव सोडून गेले. आणि नाव कुणासाठी आहे ते विचारायचंही नसतं. विचारलं तर मग त्यात काय राहिलं?

तेव्हा प्रश्न असा आहे की रुवाच्या आईला न विचारता कुणी काय केलं?

२१ जून

सापडलं. शेजारची चेंगेतोची आई. तुतीच्या झाडाची आमच्या अंगणातली फांदी तिने मागच्या महिन्यात तोडून नेली होती. आज सकाळी रुवाची आई कुंपणाशी उभी राहून 'विचारलंत, ए विचारलंत' करत होती. तासाभरात चेंगेतोची आई आमची पाखडायची टोपली घेऊन हजर. ईस्टरपासून तिच्याकडेच होती. फांदीबद्दलही चुकलं म्हणाली. रुवाच्या आईने तिला चहा दिला, वर भाजलेलं रताळं दिलं. विषय संपला. मला समाधान वाटलं.

गावाहून निरोप आला, विटा भाजून झाल्या. नोव्हेंबरात पाऊस लागायच्या आधी घर उभं राहील. इथलं घर भाड्याने द्यायचं आणि आम्ही दोघांनी बिकिताला गावी जाऊन राहायचं, हे मी निवृत्तीच्या दिवशीच ठरवलं होतं. रुवाच्या आईला निरोप सांगितला. ती कोबीची रोपं निवडत होती. "हं," म्हणाली.

२९ जून

विषय संपलेला नाही. ती अजून हाक मारतेच आहे.

आज न्यामांदे आमची ढकलगाडी परत घेऊन आला, चाकाला तेल घालून. मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, घाईत होतो, राहून गेलं." ढकलगाडी त्याने नेली होती हे मला ठाऊकसुद्धा नव्हतं! म्हणजे नाव त्याच्यासाठी होतं तर. बरा सापडला.

पिल्लू उभं राहून चार पावलं चाललं आणि पाण्याच्या बादलीत पडलं.

६ जुलै

मला या घरात काय चाललंय ते कळेनासं झालं आहे. आज गुरुवार, बायकांची प्रार्थना. जुलै म्हणजे आमच्याकडे ऐन थंडी, गार वारा सुटलेला आणि पिल्लू कुडकुडत होतं. तर रुवाच्या आईने प्रार्थनेच्या गणवेशाचं लाल ब्लाउज घातलं, डोक्याला पांढरा रुमाल बांधला आणि पिल्लू पाठीशी बांधलं! ज्या कापडात रुवाला बांधायची त्या कापडात! आमच्याकडे कुत्रं घरात घेतलं तरी लोक बोलतात, आणि ही बाई त्याला पाठीवर घेऊन अख्ख्या मुचेके वस्तीतून चर्चला गेली. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "मग लोकांनी विचारावं. कुणीतरी विचारावं." आणि गेली.

संध्याकाळी पाद्रीबुवा पाव घेऊन आले. ईस्टरच्या जेवणावळीचं बायकांना न विचारता ठरवलं, पुढच्या वेळी आधी विचारू, असं बोलून गेले. प्रार्थनेत तिने पिल्लाला नावाने गप्प केलं असणार, तेही बरोब्बर प्रवचनाच्या मधोमध.

म्हणजे नाव पाद्रीबुवांसाठी होतं. एवढ्या मोठ्या माणसाला! मला अभिमान वाटावा की लाज, ठरत नाही.

१४ जुलै

पिल्लाची लघवी लाल झाली आहे. सकाळी पेज पुढे ठेवली तर तोंड फिरवलं. ओठ वर करून पाहिला, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. मी रुवाला फोनसुद्धा केला नाही. शर्टाच्या आत घालून थेट डॉक्टरीणबाईंकडे चालत गेलो. टॅक्सी करायचंही सुचलं नाही.

गोचिडाचा ताप आहे. त्याने रक्ताचं पाणी होतं. बाईंनी सुई टोचली आणि म्हणाल्या, मोठं कुत्रं असतं तर खात्रीने सांगितलं असतं, याचं सांगता येत नाही. मी म्हटलं, अहो पण ते आता चालायला लागलं होतं. असं काय बोललो मी? चालायला लागलेलं मरत नाही असं थोडंच आहे!

मला भीती वाटते आहे. का ते समजत नाही. आपलं कुत्रं नाही, नावसुद्धा आपण ठेवलेलं नाही.

१५ जुलै

रुवाच्या आईने ते पुन्हा पाठीला बांधलं आहे आणि तशीच भांडी घासते, झाडते, चूल पेटवते. 'विचारलंत, विचारलंत' असं हळू आवाजात चालूच आहे. आसपास शेजारी नाही, पाद्री नाही, घरात फक्त मी. मी म्हटलं, अगं, इथे कोण आहे ऐकायला? ती थांबली. माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने चुलीत लाकूड सारलं.

तापलेलं डोकं, दुसरं काय.

१७ जुलै

चाटलं! मटणाचं पाणी चाटलं, आणि माझा अंगठा चावला. चांगला चावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या आता भीती नाही. येताना मी न्यामांदेच्या दारावरून मुद्दाम गेलो आणि त्याला अंगठा दाखवला.

३१ जुलै

माझ्या सोंगट्या गेल्या. बाटल्यांची निळी बुचं, कधीपासून जमवलेली. लाल सगळी जागेवर, निळी एकही नाही. घर पालथं घातलं. मग परसातून छुमछुम आवाज आला. रुवाच्या आईने बुचं भोकं पाडून दोऱ्यात ओवली आहेत आणि घोट्याला बांधली आहेत! ती चालते, बुचं वाजतात आणि पिल्लू तो आवाज धरून तिच्या मागे फिरतं. आता ते भिंतीवर आपटत नाही. कोबीच्या वाफ्याला वळसासुद्धा घालतं. अक्कल आहे, हे कबूल करायला हवं.

पण माझ्या सोंगट्या! मी म्हटलं, मला एका शब्दाने विचारायचंस तरी!

ती इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. डोळे पुसले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हसली. मी रागावलेला असताना पिल्लू येऊन माझ्या बुटावर बसलं. त्याला वाटलं मी त्यालाच हाक मारली. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

१२ ऑगस्ट

पिल्लाला केस आले. पिवळसर, कान काळे. सकाळी मी फाटकाबाहेर पडलो की ते कुंपणाच्या आतून माझ्या पावलांबरोबर कोपऱ्यापर्यंत येतं आणि परत येताना तिथेच बसलेलं असतं. मी त्याला हाक मारत नाही. पुरुषाने कुत्र्याच्या नावाने भांडायचं नसतं, आणि माझं कुणाशी भांडणही नाही. मी नुसता खोकतो. त्याला तेवढं पुरतं.

रुवाच्या आईचे कोबी यंदा असे आले आहेत की बाजारातल्या बायका दारात येऊन घेऊन जातात. गावाला पाणी लांब आहे, तिथे एवढं जमणार नाही. पण तिथे शांतता आहे.

२३ ऑगस्ट

रुवाचा फोन. धरणाकडच्या एका शेतावरच्या नवरा-बायकोला आंधळं पिल्लू हवं आहे. मोठं कुंपण, मोठी बाग, आधी एक आंधळं कुत्रं त्यांनी म्हातारं होईपर्यंत सांभाळलेलं. माणसं चांगली. रुवा म्हणाली, बाबा, घाई नाही, घरी बोलून सांगा. मी म्हटलं, बोलायचं काय त्यात, शनिवारी या म्हणावं. ड्रायव्हरने वळण घ्यायचं तर मागे वळून साठ जणांना विचारत बसायचं का? सगळं कसं वेळेवर जुळून आलं. पिल्लू मार्गी लागलं, पुढच्या महिन्यात आम्ही गावाला, घर बांधायला.

रुवाच्या आईला सांगितलं. ती मक्याचं पीठ चाळत होती. चाळणी थांबली. "हं," म्हणाली. मग उठून ते पाठीशी बांधायचं कापड धुतलं आणि वाळत टाकलं.

रात्री मक्याच्या पिठाचा साद्झा ताटात तसाच राहिला. थंडी बाधली असावी.

२६ ऑगस्ट

शनिवार. हे सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे मला तरी कळेल.

सकाळी उठलो तर रुवाची आई नाही, पिल्लू नाही, कापड नाही. चुलीत विस्तव नव्हता. मला वाटलं नळावर गेली असेल. दहाच्या सुमारास ते नवरा-बायको रुवाबरोबर आले. पिल्लासाठी नवी चादर आणली होती. मी त्यांना बसवलं आणि चहा केला. साखर कुठे असते मला माहीत नव्हतं, बिनसाखरेचा चहा त्यांनी मुकाट्याने प्यायला. तासभर आम्ही पावसापाण्याचं बोललो. मी दर पाच मिनिटांनी फाटकाशी जाऊन खोकत होतो. काही उपयोग झाला नाही.

शेवटी चेंगेतोच्या आईने कुंपणावरून सांगितलं की वहिनी पहाटेच रुजेको वस्तीत थोरल्या बहिणीकडे गेल्या, पाठीवर पिल्लू होतं. एवढं सांगून तिने मान वळवली. हसू लपवत होती की आणखी काही, ते दिसलं नाही.

पाहुणे समजूतदार होते. पुन्हा कधीतरी म्हणाले आणि गेले. रुवा मात्र थांबली. कप आवरत आवरत, माझ्याकडे न पाहता तिने म्हटलं, "बाबा, आईला विचारलंत?"

मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मला खरंच वाटलं की पिल्लू आलं. चुलीपाशी पाहिलं, बाकाखाली पाहिलं. पिल्लू नव्हतं. कुणीच नव्हतं. नुसता तो शब्द होता, आणि माझी मुलगी हातात कप घेऊन माझ्याकडे पाहत होती.

मी खाली बसलो. चेंगेतोच्या आईची टोपली. न्यामांदेची ढकलगाडी. पाद्रीबुवांचा पाव. अर्धा जून, अख्खा जुलै हाका चालल्या होत्या. ज्याला त्याला आपापलं आठवलं, जो तो येऊन आपापलं फेडून गेला, आणि मी बसलो होतो त्यांची नोंद करत. मी रुवाला विचारलं, हे कुणाकुणाला ठाऊक होतं? ती म्हणाली, "नळावर सगळ्यांना."

रुजेकोपर्यंत चालत गेलो. फाटक बंद होतं. आमच्यात बायकोच्या माहेरच्या दारात मोठ्याने बोलत नाहीत, आणि ती थोरली बहीण म्हणजे सासूच्याच मानाची. मी खोकलो. आतून छुमछुम ऐकू आलं आणि थांबलं. पुन्हा खोकलो. पिल्लू फाटकाच्या फटीत नाक घालून शेपटी हलवायला लागलं. पण रुवाची आई पुढे येईना.

मग काय करणार? मी फाटकाला धरून हाक मारली. त्या पिल्लाला मी पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "विचारलंत!"

शेजारच्या अंगणात दोन बायका धुणं वाळत घालत होत्या, त्यांचे हात थांबले.

आतून रुवाच्या आईचा आवाज आला, अगदी शांत. "नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच आलो. द्यायचं की ठेवायचं, तू सांग."

ती फाटकापर्यंत आली. चेहरा सुजलेला होता, रडली असणार. म्हणाली, "ठेवायचं."

मी म्हटलं, बरं. मला वाटलं आता फाटक उघडेल. तिचा हात कडीवर होता पण तिने ती काढली नाही. "आणि विटा?"

विटांचं काय, असं मी विचारणारच होतो. शब्द ओठावर आला होता. देवाच्या कृपेने तेवढ्यात पिल्लाने माझ्या बुटाची नाडी ओढली आणि ती सोडवायला मी वाकलो. तेवढ्या वेळात मला कळलं.

मी म्हटलं, "गावाला राहायला जायचं का आपण?"

"नाही," ती म्हणाली. "माझे कोबी इथे आहेत. माझा गुरुवार इथे आहे. मला नाही जायचं."

तर असं आहे. इतकी वर्षं मी कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं की 'नाही' म्हणतात. पण ती कडी काढून बाहेर आली, पिल्लू पाठीला बांधलं आणि अख्खा रस्ता माझ्या शेजारून चालली. एरवी दोन पावलं मागे असते. बुचं वाजत होती.

२ सप्टेंबर

विटा धाकट्या भावाला दिल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? बापाच्या जमिनीवर म्हातारपणी बसावं असं मनात फार होतं. रुवाच्या आईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हे मला आधी का नाही सांगितलंत?" मला वाटायचं तिला माहीत आहे. तिला वाटायचं मला माहीत आहे. गोंधळच सगळा. डिसेंबरात महिनाभर जाऊन राहू म्हणाली, चेंगेतोची आई वाफ्यांना पाणी घालेल. 'हं' म्हणाली नाही, पुरतं वाक्य बोलली.

आता नाव बदलायचं का, असं मी तिला विचारलं. हल्ली मी बरंच विचारतो. काल कुठला शर्ट घालू तेही विचारलं, तर म्हणाली इतकंही नको. नावाचं पाहू म्हणाली, पाऊस पडेपर्यंत राहू दे.

१० सप्टेंबर

न्यामांदे आज खेळायला आला. निळ्या सोंगट्या नाहीत, म्हणून आम्ही मक्याचे दाणे मांडले. खेळता खेळता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, या कुत्र्याचं नाव नक्की कुणासाठी आहे हो?" तो गालात हसत होता. नळावरच्या सगळ्यांमध्ये हाही होता तर!

मी म्हटलं, "माझ्यासाठी." आणि त्याचे तीन दाणे उचलले.

संध्याकाळी फाटक उघडं राहिलं आणि पिल्लू रस्त्यावर गेलं. लांब कुठेतरी भुंकत होतं, कुठल्या बाजूला ते कळेना. आता नुसतं खोकून भागणार नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि साठ प्रवाशांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "विचारलंत! ए विचारलंत!" दारादारांतून माणसं बाहेर आली. चेंगेतोची आई कुंपणाला धरून हसायला लागली. मी पुन्हा ओरडलो.

स्वयंपाकघरातून रुवाच्या आईने तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "हो हो, विचारलंत!"

पिल्लू कोपऱ्यावरून धावत आलं, मला ओलांडून गेलं आणि थेट तिच्या पायांशी जाऊन थांबलं.